खोल नको, म्हणाला होतात

तात्या, आधी सुमनवहिनींचं नाव घेते, मग बाकीचं. तुमच्या सूनबाईंचं. तुमच्या दहाव्याला सगळ्या गावासमोर त्या पुढं झाल्या आणि बोलल्या, म्हणून आपल्या तळ्याचा बराचसा तळ अजून जागेवर आहे. त्या गप्प बसल्या असत्या, तर तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याजवळ काही उरलंच नसतं.

काय झालं ते सांगते. पण मला एका दमात सांगता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. मध्येच घाबरते, मागं जाते, परत पुढं येते. तुम्ही म्हणायचात, "चुकल्या मेंढरावानी बोलतीस तू. सरळ घरला ये की." सातवीत शाळा सुटली, त्यानंतर मोठं असं काही लिहिलं नाही. रोपवाटिकेत पत्र्याच्या पाट्यांवर झाडांची नावं लिहिते, तेवढंच. त्यावरही तुम्ही काठी ठेवून विचारायचात, "हे काय लिवलंय? कडुनिंब? मग झाड बगून कळत न्हाय व्हय लोकांना?"

आता तुम्ही विचारायला नाही, आणि तळं राहतं की जातं हे मला कळत नाही. दिवसभर पिशव्यांत माती भरते आणि तेच डोक्यात फिरत राहतं. तुम्ही एक वाक्य मला एकटीला सांगून गेलात. तेच चारचौघांत सांगितलं असतंत तर. पण ते पुढं येईल.

मी इथं आले ती ह्यांना बारामतीत दुधाच्या टँकरवर काम मिळालं म्हणून. अंथुर्ण्याच्या बाजूला आम्ही खोली घेतली. मला वनखात्याच्या रोपवाटिकेत रोजानं लावून घेतलं. आमचं गाव भंडाऱ्याकडलं, घरातले सगळे मासे धरणारे. तिकडं गावाला तलाव नाही असं होतच नाही. मोठा असला तर तलाव, लहान असला तर बोडी. इकडं बघते तर जिथवर कालव्याचं पाणी तिथवर ऊस, आणि ऊस संपला की एकदम उघडा माळ. गवत, थोड्या बोरी-बाभळी, पाणी मुरवायला खणलेले चर. ह्याला वन म्हणतात हे ऐकून मला हसू आलं होतं. त्या माळाच्या खोलगट पोटात तळं. आलो तेव्हा थंडी होती, पाणी होतं. गुडघाभरच. पण मला इथं बोलायला कोणी नव्हतं, तेवढं पाणीसुद्धा माहेरच्या माणसासारखं वाटायचं. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तिथं जाऊन बसायचे.

आणि उन्हाळ्यात ते आटलं. सगळं. तळाला भेगा पडल्या, शेवटच्या ओलीत बगळे उभे होते तेही एके दिवशी उठून गेले. आमच्याकडं तलाव आटला की माणसं घरात कुणी गेल्यासारखी हळू बोलतात. मी बांधावर बसून रडत होते.

"कोन गेलं गं तुझ्याकडलं?" मागून आवाज आला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, आणि मागं चार मेंढरं. पूर्वी मोठा कळप होता, मुलानं जर्सी गाई केल्या तेव्हा विकला, चार मेंढरं तेवढी तुम्ही हट्टानं ठेवलीत, हे मला नंतर कळलं.

"तळं मेलं जी," मी म्हणाले.

तुम्ही हसला नाहीत, ह्याचं मला अजून अप्रूप वाटतं. दुसरा कोणीही हसला असता. तुम्ही खाली उतरलात, काठीचं टोक भेगेत घातलंत आणि वाळल्या चिखलाची एक खपली उचललीत. खाली ओल होती. ओलीत गोगलगाय होती, तोंडावर झाकण ओढून घेतलेली. काठीनं अजून जरा उकरलंत तर मातीच्याच रंगाचा बेडूक निघाला, पाय पोटाशी घेतलेला.

"दार लावून बसल्यात समदी," तुम्ही म्हणालात. "बी हाय, अंडी हायत, काय काय हाय. पाणी आलं की उगडत्यात. ठेव ती खपली जाग्यावर, ऊन लागतंय त्येला."

मी दोन्ही हातांनी खपली ठेवली. मग तुम्ही गाव विचारलंत. भंडारा म्हटल्यावर कपाळाला हात लावलात. "आमी देवाला जाऊन चिमूट चिमूट भंडारा आनतो, आन् तू आख्खीच भंडाऱ्याची." एवढ्या लांब येऊन पहिल्यांदा कोणीतरी माझ्या गावाच्या नावावर बोललं होतं. त्या दिवसापासून तुम्ही मला भंडारेवाली म्हणालात आणि मी तुम्हाला तात्या म्हणाले.

त्या साली परतीचा पाऊस झाल्यावर मला कळलं तुम्ही काय सांगत होता. पाणी आलं आणि थोड्याच दिवसांत त्यात जीव पोहायला लागले, नखाएवढे, अंगातून आरपार दिसणारे. कुठून आले ते? नदी नाही, ओढा नाही. त्याच भेगांतून आले. तळातून केसांसारखी वनस्पती वर आली, आमच्याकडं चिला म्हणतात तसली, आणि तिच्यामुळं पाणी असं नितळ झालं की पाय टाकला तर पायाची नखं दिसावीत. ऊन थेट तळाला लागायचं. मग पांढरी लहान फुलं, मग त्यांच्यावर चतुर, मग लांब लाल पायांच्या शेकाट्या. टिबुकलीनं गवतावर तरंगतं घरटं केलं, ते वाऱ्यानं ह्या काठाचं त्या काठाला जायचं आणि ती मागं मागं पोहत जायची. तुम्ही म्हणायचात, "भाड्याच्या खोलीत ऱ्हातीय तुझ्यावानी." संध्याकाळी माळावरची हरणं काठ उतरून यायची. चिंकारा हे नाव मला रोपवाटिकेच्या साहेबांनी सांगितलं, तुमच्या तोंडी ती हरणंच. पुढचे दोन पाय पाण्यात घालून, मान खाली करून निवांत प्यायची.

आपली भांडणं ह्याच काठावर झाली. त्यातलं एकही मिटलेलं नाही.

माशांचं भांडण सगळ्यांत मोठं. मला राहवत नव्हतं. एवढं पाणी आणि त्यात मासा नाही? ह्यांना सांगून मी धरणाकाठच्या डाळजकडून चिलापीची पिल्लं आणायचं ठरवलं, टँकरवरच्या एका ओळखीच्या माणसाकडून. तुम्हाला आनंदानं सांगायला आले तर तुम्ही काठीच आपटलीत.

"चिलापी? आगं ती तळ उकरून खड्डं करतीया अंडी घालाया. समदं गढूळ. ऊन खाली जायचं न्हाय, तुझी ती केसावानी झाडं मरतील, मग बगत बस पाण्याकडं."

"आमच्याकडं तलावात मासे पण असतात आणि झाडं पण."

"तुमच्याकडं तळं बारा म्हैनं ऱ्हातंय. हे झोपनारं तळं हाय. झोपल्याल्या घरात पावनं कशाला?"

"मग मी मासे कुठं बघू?"

"बगाय पायजेत का खायाला?"

मी पायानं माती उकरत राहिले.

"खायाला पायजे तर भिगवनला जा. रस्त्याकडंला ताटं वाढूनच बसल्यात."

मला एवढा राग आला होता की मी चार दिवस तळ्याकडं आले नाही. पाचव्या दिवशी तुम्ही रोपवाटिकेच्या तारेच्या कुंपणाशी येऊन उभे राहिलात. मेंढरं चरत चरत इकडं आली म्हणालात. तात्या, मेंढरं कधी सिमेंटच्या रस्त्यावर चरतात का?

पुढं एका थंडीत मी उथळ पाण्यात बोटाएवढा मासा पाहिला. खराच पाहिला. धावत तुम्हाला सांगायला आले. तुम्ही येऊन बराच वेळ पाण्यावर डोळे लावून बसलात आणि शेवटी म्हणालात, "तुझ्या डोळ्यातच मासं हायत." मी अजून म्हणते तो मासा होता. चिखलात दडून उन्हाळा काढणारे मासे असतात, माझ्या बाबानं धरलेले मी पाहिलेत. हे तुम्हाला पटवून द्यायचं राहिलं.

दुसरं भांडण मेंढरांचं. तळं आटलं की तुम्ही त्यात मेंढरं सोडायचात, आणि मला ते बघवत नसे. बेडकांच्या डोक्यावर खुरं, म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, लेंडी पडली तर तळाला जोर येतो, माझ्या आज्यापासनं पडत आलीय. "कळप हुता तवा फुलं बगायची हुतीस. आता चार मेंढरांनी काय हुतंय." मी म्हणायचे फुलांना लेंडी नको, नितळ पाणी हवं. कोण बरोबर होतं मला माहीत नाही. दोघंही थोडं थोडं असू. तुम्ही गेल्यापासून मेंढरं गोठ्यातच बांधलेली आहेत, आणि परवा तळ्याकडं बघताना मला वाटलं, त्यांना आणून सोडावं का. बघा, तुमच्या बाजूनं भांडायला कोणी नाही तर मीच भांडायला लागले.

आता ते वाक्य.

जुन्या दुष्काळात तुम्ही ग्रामसभेत उठून म्हणाला होतात, तळ्यातला गाळ काढा, तळं खोल करा. मी तेव्हा इथं नव्हते. पण गावात ते सगळ्यांच्या तोंडी आहे. तात्या म्हणाले होते, तळं खोल पाहिजे. तेव्हा तुमची मेंढरं पाण्यावाचून पडत होती, तुम्ही दुसरं काय म्हणणार होता.

आणि मागच्या थंडीत ते हरीण. माळाच्या कडेच्या उसात कुणाचं तरी प्लास्टिक घातलेलं शेततळं. हरिणी पाणी प्यायला उतरली आणि तिला वर येता येईना. तुम्ही दोर धरलात, तुमचे चिरंजीव दत्ताभाऊ तो कंबरेला बांधून उतरले, पण तिची खुरं प्लास्टिकवरून घसरत होती, घसरतच होती, आणि वर काढेपर्यंत ती संपली. दुसऱ्या दिवशी तुम्ही तळ्यावर आलात ते बसलाच नाहीत. उभे राहून काठाकडं बघत होता.

"असा काठ पायजे," तुम्ही म्हणालात. "उतरता. पिणाऱ्याला पडायचं भ्या वाटू न्हाय." मग माझ्याकडं वळून, "म्या सांगितलं हुतं खोल करा. ते चुकीचं हुतं. हे खोल करायचं न्हाय. आता सभा झाली की म्या सोता सांगतो समद्यांना. तू ऐकलंस न्हवं?"

मी म्हणाले, "ऐकलं जी."

माझ्याशिवाय तिथं कोणी नव्हतं. सभा व्हायच्या आधी तुमचा उजवा हात गेला, पाय गेला, आणि बोलणं गेलं.

मी भेटायला आले होते. दत्ताभाऊ बसले होते, शेजारचे दोघे होते, वहिनी तुम्हाला चमच्यानं पेज भरवत होत्या. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मला विचारायचं होतं, तात्या, आता मी कुणाला सांगू? माझं कोण ऐकेल? पण एवढ्या माणसांत मला बोलता येईना. मी म्हणाले, "तळ्यात पाणी आहे अजून." तुमच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. वहिनींनी पदरानं पुसलं. एवढंच बोलणं झालं आपलं. ते शेवटचं ठरलं.

तुमच्या रक्षेवर दत्ताभाऊंनी बांधाला चिंचेचं झाड लावलं. रोप मीच निवडून दिलं, सोटमूळ न दुमडलेलं. तेवढं तरी माझ्या हातनं झालं.

दहावा नीरेच्या घाटावर होता. माणसं खूप. तुमच्याबद्दल भाषणं झाली, माणूस कसा सरळ होता, माळावरचा राजा होता वगैरे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मी मेल्यावरच का सरळ झालो रं?" मग पिंड ठेवले आणि कावळा येईना. झाडावर बसलेले होते, खाली उतरत नव्हते. दत्ताभाऊंनी हात जोडून सांगितलं, मेंढरं विकणार नाही. कावळा हलला नाही. तुमच्या लेकीनं सांगितलं, आईकडं मी बघेन. नाही. ऊन चढत होतं. बायका कुजबुजायला लागल्या, जीव कशात तरी अडकलाय.

मग गावातले एक पुढारी पुढं आले. चप्पल काढली, पिंडासमोर वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, "तात्या, तुमचा जीव तळ्यात हाय, आमाला ठावं हाय. तुमचा शबूद पडू द्यायचा न्हाय. पावसाच्या आत पोकलेन लावून तळं खोल करतो, तुमचं नाव देतो, कमान बांधतो."

आणि कावळा उतरला, तात्या. नेमका तेव्हा. भाताचा घास घेऊन गेला.

सगळ्यांनी हात जोडले. कोणी तरी म्हणालं, बघा, हेच पाहिजे होतं म्हाताऱ्याला. मी बायकांच्या मागं उभी होते, तोंड उघडत होते आणि आवाज निघत नव्हता. कोण मी? रोजानं पिशव्या भरणारी, लांबच्या मुलुखातली. इकडं तुमचा भर सभेतला शब्द, आणि त्यावर आता कावळ्याची साक्ष. माझ्याकडं काय होतं? मी फक्त शेजारी उभ्या असलेल्या वहिनींच्या कानाशी एवढंच म्हणू शकले, "ते खोल नको म्हणाले होते, उतरता काठ पाहिजे म्हणाले. हरीण मेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. मला म्हणाले होते."

वहिनींनी माझ्याकडं वळून बघितलं. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या पुढं गेल्या.

"तात्यांनी शबूद मागं घेतलाय," त्या म्हणाल्या. "तळं खोल करायचं न्हाय म्हनले हुते. उतरता काठ पायजे म्हनले, हरणं पडत्यात. मी माझ्या कानानं ऐकलंय."

दत्ताभाऊ म्हणाले, "सुमन, खाली बस."

"बसते. बोलून बसते."

पुढारी म्हणाले, "वहिनी, मग कावळा कसा शिवला?"

"भूक लागली असंल त्येला," वहिनी म्हणाल्या. "सकाळधरनं समदी भाषणंच ऐकतंय बिचारं."

मागं कुणाला तरी हसू फुटलं. मग अजून एकाला. आणि त्या हसण्यानं ते मघाचं जड जड झालेलं सगळं जरा सैल झालं. पुढारी म्हणाले, बघू, घरात एकमत करा मग बोलू. चपला घालून गेले.

तेव्हा माझ्या मनात काय आलं ठाऊक आहे? की म्हणजे तुम्ही वहिनींनाही सांगितलं होतं. मी एकटी नव्हते. एवढं हलकं वाटलं मला. भांडी घासताना त्यांच्याजवळ गेले आणि विचारलं, "तुम्हाला कधी म्हणाले हो तात्या?"

"मला कशाला म्हनतील?" राख लावलेल्या हातानं पातेलं घासत त्या म्हणाल्या. "सून हाय मी. मला ते मीठ कमी हाय आन् मीठ जास्त हाय, एवढंच सांगायचं."

"मग तुम्ही..."

"तुजं ऐकलं ना. मग झालं की."

"अहो पण दहाव्याला, त्यांच्या नावानं..."

"हे बग. तू साधं पाणी मागतानासुदा तुजा आवाज कापतो. रिक्षावाल्याशी बोलताना कापतो. मगाशी कापला न्हाय." त्यांनी पातेलं उपडं घातलं. "आन् घरात येऊन तुजी भांडणं सांगायचं म्हातारं. ती भंडारेवाली आज अशी म्हनली, तशी म्हनली. मासं दिसत्यात म्हनं तिला. भाकरी तशीच ताटात, आन् एकटंच हसायचं. तुला कशाला खोटं सांगतील?"

मी तिथंच रडले. तुम्ही गेलात तेव्हासुद्धा तशी रडले नव्हते. तुम्ही घरी माझ्याबद्दल बोलायचात, तात्या. हे मला तुम्ही कधीच कळू दिलं नाहीत.

तेराव्यानंतर पोकलेन आलंच. एकमत वगैरे काही नाही. ठरलेलं आहे, गाळ शेतकऱ्यांना फुकट देतोय, वरून परवानगी आहे, असं सांगितलं. मी रोपवाटिकेतून आवाज ऐकला आणि पिशवी टाकून पळाले. पूर्वेच्या कोपऱ्यातून सुरुवात झाली होती. तुम्ही ज्या तळाची एक खपली उचलून परत ठेवायला लावली होतीत, तो तळ बादलीबादलीनं उचलत होते आणि ट्रॉलीत टाकत होते. ट्रॉल्या पणदऱ्याकडं उसाला चालल्या होत्या. एका ढेकळातून बेडकाचा पाय बाहेर आला होता. सगळं बी, सगळी अंडी, दारं लावून बसलेलं सगळं त्या गाळात. उसात पडून त्याचं काय होणार? मी ड्रायव्हरला थांब म्हणाले. तो म्हणाला, "ताई, बाजूला व्हा, दगड उडंल." तो तरी काय करणार.

मी वहिनींना फोन लावला. त्या आल्या, आणि त्यांच्या मागं मोटारसायकलवर दत्ताभाऊ. मला वाटलं बायकोला ओढून न्यायला आले. ते वहिनींशी एक शब्द बोलले नाहीत. खड्ड्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. काठ सरळ तुटलेला, भिंतीसारखा. त्यांना ती हरिणी आठवली असेल, दोर त्यांच्याच कंबरेला होता. मग ड्रायव्हरला म्हणाले, "बंद कर. ज्येच्या नावानं करताय त्येचा पोरगा मी हाय. माझ्या बापाचं नाव ह्याला द्यायचं न्हाय."

मशीन गेलं. पुढाऱ्यांनी निरोप पाठवला, पावसाळ्यानंतर बघू. म्हणजे संपलेलं नाही.

आणि जे झालंय तेच पुरेसं वाईट आहे तात्या, हेच मला कोणाला नीट समजावता येत नाही. लोक म्हणतात, एका कोपऱ्यात खड्डा पडला तर काय बिघडलं, बाकीचं तर आहे ना. पण पाणी आलं की ते पसरणारच नाही. सगळं धावत खड्ड्यात जाईल. जिथं गुडघाभर पाणी राहायचं, ऊन तळाला लागायचं, तिथं नुसता चिखल होऊन वाळेल. बियांना वाटेल पाणी आलं, त्या उघडतील, आणि मरतील. हरणं पाण्याच्या मागं त्या तुटल्या काठाशी जातील. खड्डा परत भरायचा म्हटलं तर गाळ उसात गेलेला.

मला एकच काम येतं, तेच करायला घेतलं. आमच्याकडं भाताच्या बांधीला, म्हणजे खाचराला, मातीचा धुरा घालतात, पाणी अडून राहावं म्हणून. चिकणमाती भिजवायची, थर द्यायचा, अनवाणी पायांनी तुडवायचा, वर दुसरा थर. खड्डा आणि उरलेला तळ ह्यांच्यामध्ये तसा धुरा घालायचा, म्हणजे पाणी आधी उथळात साठेल आणि जास्तीचं तेवढं खड्ड्यात उतरेल. रोपवाटिकेच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, हातानं करता तर करा. माती भिजवायला पाणी वहिनी आणतात, दुधाच्या मोकळ्या किटल्या स्कूटीला दोन्ही बाजूंनी अडकवून. येतात, साडी वर खोचतात आणि माझ्याबरोबर तुडवतात. पहिल्या दिवशी घसरून बसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडं बाया हेच करत्यात व्हय जलमभर? म्हणूनच तू इकडं पळून आलीस."

धुरा अजून पुरा झालेला नाही. इथली माती आमच्यासारखी नाही, उन्हानं तडकते. रोज आदल्या दिवशीच्या भेगा बुजवून मग पुढं जायचं. पहिल्याच मोठ्या पाण्यात तो फुटला तर? मला खूप भीती वाटते. ह्यांचं टँकरचं काम दिवाळीनंतर राहील की नाही माहीत नाही. मला इथून जावं लागलं तर पावसाळ्यानंतर "बघू" म्हणणाऱ्यांसमोर कोण उभं राहणार? तुम्हाला विचारायची सवय लागली होती. उत्तर वाकडंच यायचं, पण यायचं.

तुमचे उपकार कशानं फिटतील ते मला माहीत नाही. परक्या मुलुखात तुम्ही मला भांडायला जागा दिलीत. तळं जगलं तर त्यातलं काही फिटेल, नाहीतर राहील.

पण वहिनींचं मला फेडायचं आहे. त्या तुमच्या दहाव्याला तुमच्या नावानं खोटं बोलल्या, माझ्यासाठी. त्यांच्यावर रागावू नका. दत्ताभाऊंनी मशीन थांबवलं, पण घरात अजून बोलत नाहीत. चारचौघांत नवऱ्याचं ऐकलं नाही, कावळ्यावर हसली, असं गावातल्या बायका म्हणतात आणि त्या आल्या की विषय बदलतात. वहिनी मला काही सांगत नाहीत, नुसता चिखल तुडवतात. एक ना एक दिवस त्यांनाही कुठंतरी एकटीनं उभं राहावं लागेल, आणि त्यांच्या बाजूनं बोलायला कोणी नसेल. तेव्हा मी भंडाऱ्याला असले तरी गाडीत बसून येईन. काय झालं, कोण खरं, हे त्यांना विचारणार नाही. सगळ्यांच्या पुढं जाईन आणि सांगेन, मी तिथं होते, मी माझ्या कानानं ऐकलंय.